निळ्या पट्टीचा दोर

विनिपेग,
६ जानेवारी १९८५

प्रिय थोराआत्या,

तुझं पार्सल पोचलं. हातमोज्यांचे तीन जोड, धुरावलेले मासे आणि केक. केकच्या सात थरांपैकी एकही हललेला नाही, इतका तू तो दोऱ्याने जखडून पाठवला होतास. माशांचा वास घरमालकिणीला जिन्यातच आला आणि त्यातले दोन तिच्याकडे गेले. तेवढ्यावर ती आठवडाभर गोड बोलेल.

तू विचारतेस, सरोवराच्या बर्फाखाली जाळी टाकायची सोडून शहरात लोकांच्या काचा पुसण्यात मला काय मिळतं. आत्या, बर्फावर बारा तास वाकून उभं राहण्यापेक्षा मी इथे बसून काम करतो. चेष्टा नाही, खरंच बसून. एक फळी असते, झोपाळ्यासारखी. ती एका दोरावर असते आणि तो दोर छतावरच्या लोखंडी कडीला बांधलेला असतो. शेजारी दुसरा दोर, तो फक्त जिवासाठी. माझ्या कमरेच्या पट्ट्याला लोखंडी पकड आहे, ती या दुसऱ्या दोरावरून माझ्याबरोबर खाली सरकते. फळीचा दोर सुटलाच, तर ही पकड दातासारखी दोरात रुतते आणि माणूस जागच्या जागी थांबतो. तेव्हा काळजी नको.

आमची दोघांची जोडी आहे. मी आणि आर्मां. ते नदीपलीकडचे, फ्रेंच, वय छप्पन्न, तीस वर्षं दोरावर काढलेली. पोर्टेज रस्त्यावरच्या एका बारा मजली इमारतीला नव्या काचा बसवल्यात, त्यांच्यावरचं सिमेंट आणि डिंक मार्च संपेपर्यंत निघायला हवा, म्हणून भर थंडीत हे काम. आर्मांचे नियम कडक आहेत. पारा उणे वीसच्या खाली गेला की छतावर जायचं नाही. वारा सुटला की उणे दहालाही नाही. हातमोज्यांचा एक जोड हातात, एक कोरडा छातीशी. खाली फुटपाथवर दोरी लावून माणसं अडवायची आणि मीठ टाकायचं, कारण आपल्या बादलीतलं पाणी खाली पडून गोठतं आणि एखादी म्हातारी घसरते. आणि कठड्यावरून पाय बाहेर टाकण्याआधी एकाने दुसऱ्याची गाठ ओढून बघायची आणि तोंडाने "बघितलं" म्हणायचं. नुसती मान हलवून चालत नाही.

तुझी मैत्रीण रूना याच इमारतीत देखरेखीला आहे हे तुला ठाऊक असेलच. तळघरात बॉयलरशेजारी तिची खोली आहे. साखरेचा खडा दातात धरून कॉफी पिते, अगदी तुझ्यासारखी. तुला नमस्कार सांगितलाय.

वसंतात मालक पेनर आमच्यापैकी एकाला टोळीचा मुकादम करणार आहेत. आर्मांच होतील, व्हायलाच हवेत.

तुझा,
हेल्गी

*

गिमली,
१२ जानेवारी

हेल्गी,

तुझं पत्र उघडलं आणि नाक झाकून घेतलं. कागदाला स्पिरिटचा वास येतोय. पोस्टातल्या बाईलाही आला असणार, कारण देताना ती माझ्याकडे बघून हसली. तू प्यायला लागला आहेस का, ते एका ओळीत कळव. दोन ओळी लिहिल्यास तर मी समजून जाईन.

तुझा तो आर्मां छप्पन्न वर्षांचा, तीस वर्षं दोरावर, आणि अजून मुकादम नाही? का नाही, हे तू विचारलंस का? आणि तुझी गाठ तो ओढून बघतो, ते कशासाठी? घट्ट आहे का हे बघायला, की सैल करायला? तू हसशील. तुझा बापही हसायचा. स्काप्ती म्हणाला, इथे बर्फ पक्का आहे, ये मागून. स्काप्ती पुढे गेला, तुझा बाप मागून गेला आणि संध्याकाळी स्काप्ती एकटा परत आला. बावीस वर्षं झाली. त्याचं घर माझ्या घरापासून चार दारांवर आहे आणि मी त्याच्या अंगणाकडे मान वळवून बघितलेलं नाही. तू तेव्हा दोन वर्षांचा होतास. तुला वाढवताना मी एकच गोष्ट शिकले, की आपल्या माणसाच्या जिवाची चावी दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही.

ते दोर रात्री कुठे असतात? आम्ही जाळी कधी गारठ्यात ठेवत नाही. संध्याकाळी आणायची आणि शेगडीशेजारी टांगायची. सकाळी ती मऊ हवीत, नाहीतर बोटांत बसतच नाहीत. तू लहानपणी त्यांच्याखाली झोपायचास. दोर असो की जाळं, काथ्याला ऊब लागते. तुझ्या फ्रेंच माणसाला हे कुणी शिकवलेलं दिसत नाही.

हातमोजे उरले असतील तर त्याला देऊ नकोस.

थोरा

*

विनिपेग,
२० जानेवारी

प्रिय आत्या,

एका ओळीत: पीत नाही. स्पिरिट बादलीत असतं, पाण्यात मिसळलेलं, नाहीतर पाणी काचेवर टेकताच गोठतं. ते बाहीवर उडतं आणि त्याच बाहीने मी पत्र लिहितो. झाल्या चार ओळी, आता काय ते समजून घे.

दोर छतावरच्या पत्र्याच्या खोलीत असतात. त्या खोलीला शेगडी तर नाहीच, दाराखालून बर्फही आत येतं. आर्मांच्या जिवाच्या दोराला लाल पट्टी आणि माझ्या दोराला निळी, म्हणजे अदलाबदल नको. दोर इतके गार असतात की मोज्यातूनही बोटं झोंबतात. इतक्या गारठ्यात का ठेवता, असं मी एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, तिथेच बरे असतात. त्यांचं उत्तर नेहमी एवढंच. खोलीची चावी त्यांच्याजवळ असते.

माणूस तुसडा आहे, कबूल. पण परवा माझ्या हातातल्या काच निपटायच्या दांडीचं रबर गोठून काचेवर करकरायला लागलं, तेव्हा त्यांनी स्वतःचं काढून माझ्याकडे फेकलं आणि तासभर स्वतः नुसत्या फडक्याने काम केलं. तू त्यांना बघितलेलं नाहीस आणि खटला मात्र पुरा चालवलास.

हातमोजे मी त्यांना एक जोड दिला. रागावू नकोस.

हेल्गी

*

विनिपेग,
२ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

गुरुवारी एक गोष्ट झाली. आधीच सांगतो, मला लागलेलं नाही.

सकाळी उणे बारा होतं, ऊन होतं, वारा नव्हता. मी कठड्यावरून उतरलो, फळीवर बसलो आणि नेहमीसारखा पकडीला एक झटका देऊन बघितला. ती रुतायला हवी होती. रुतली नाही. साबणावरून घसरावी तशी हातभर खाली सरकली. मी दोरावरून मोजा फिरवला तर वरपासून खालपर्यंत बर्फाचा पातळ पापुद्रा, काचेसारखा. म्हणजे फळीचा दोर तेव्हा सुटला असता तर हा दुसरा दोर असून नसल्यासारखा होता. खाली बारा मजले.

वर चढून आलो.  आर्मांचा दोर बघितला, तर खडखडीत कोरडा. दोन्ही दोर एकाच खोलीत, एकाच खुंटीवर. एकाला बर्फ आणि एकाला नाही, हे कसं?

आर्मांनी माझ्या दोरावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "रात्री हा कुठे ठेवला होतास?" असं विचारलं, जणू मीच काहीतरी केलंय. मी म्हणालो, तुम्ही ठेवता तिथेच. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. त्यांनी तो दोर काठीने बडवला, वाकवून वाकवून बर्फ पाडलं आणि त्या दिवसापुरतं मला खाली फुटपाथवर उभं केलं.

मी रूनाला विचारलं, माझ्या दोराला कुणी हात लावताना पाहिलंस का. तिचं तोंड एकदम लाल झालं. म्हणाली, मी कुणाला पाहिलं नाही, आणि कॉफी न देताच दार लावून घेतलं. ती कुणाला तरी घाबरते आहे, आत्या. कुणाला ते मला लिहवत नाही.

खोलीची चावी एकाकडेच आहे. मुकादमाची जागाही एकच आहे.

हेल्गी

*

गिमली,
५ फेब्रुवारी

हेल्गी बाळा,

पत्र तीनदा वाचलं आणि मग दाराला कडी लावून पुन्हा वाचलं. मी काय म्हणत होते? दोराला बर्फ आपोआप चढत नाही. पाणी ओतल्याशिवाय बर्फ कुठून येणार? तो तीस वर्षांचा कसलेला माणूस आहे, त्याला ठाऊक आहे किती ओतायचं आणि कधी. आणि वर तुलाच विचारतो, कुठे ठेवला होतास. स्काप्तीनेही मला असंच विचारलं होतं, "तू त्याला आज जाऊ का दिलंस?" चोर असे आधी प्रश्न विचारतात, म्हणजे त्यांना कुणी विचारत नाही.

रूनाला छळू नकोस. ती भली आहे. ती तुझ्या वाईटावर नाही, एवढं मी छातीवर हात ठेवून सांगते. मी इथे बसून नुसते हातमोजे विणत नाही, तुझ्या जिवासाठी मला जमेल ते मी करते आहे. काय ते विचारू नकोस, तू लाजशील.

आता ऐक. काळा दोरा घे आणि रात्री निघताना त्या खोलीच्या दारात आडवा बांध, घोट्याच्या उंचीवर. सकाळी तुटलेला दिसला की कुणीतरी आलं होतं. स्काप्ती माझ्या जाळ्यांच्या खोपटाकडे फिरकतो का, हे बघायला मी तीन हिवाळे दोरा बांधला होता. तुटला नाही कधी. पण म्हणून काय झालं?

आणि पेनरला सांग. आज सांग.

तुझी,
आत्या

*

विनिपेग,
१३ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

झालं. आर्मांला काल काढून टाकलं.

तू सांगितलंस तसा दोरा बांधला. रोज सकाळी तुटलेला. गंमत म्हणजे गुरुवारच्या त्या प्रकारानंतर माझा दोर रोज कोरडा असायचा. मी ओळखलं, मी सावध झालोय हे त्याला कळलंय आणि तो दबलाय. तोही पार बदलला होता. पूर्वी सरसर उतरायचा, तो आता मुंगीच्या पावलाने उतरायला लागला. दर दोन हातांवर थांबायचा, दोर काठीने बडवायचा, पकडीला झटके द्यायचा. मनात खोट असली की हातही कापतात, असं मला वाटलं. मी त्याला माझी गाठ ओढू देणं बंद केलं. माझी मीच ओढायचो आणि "बघितलं" पण मीच म्हणायचो. 

काल मी आठऐवजी पावणेसातलाच गेलो. खोलीचं दार उघडं. तो पाठमोरा गुडघ्यांवर बसलेला, मोजे काढलेले, आणि माझा निळ्या पट्टीचा दोर त्याच्या मांडीवर. निळ्या पट्टीवर तो लाल पट्टी गुंडाळत होता. आत्या, माझ्या डोळ्यांसमोर. शेजारी त्याच्या स्वतःच्या दोराचं टोक, त्यावर निळी पट्टी चढवून झालेली. म्हणजे माझा दोर घ्यायचा आणि स्वतःचा मला द्यायचा, आणि त्याच्या त्या दोराला काय केलं असेल कोण जाणे. मी त्याच्या हातातून दोर हिसकावला आणि दोन्हीकडच्या नव्या पट्ट्या ओरबाडून काढल्या. माझ्या दोराला बर्फ होतंच. पुन्हा.

पेनर साडेआठला आले. मी सगळं सांगितलं. त्यांनी आर्मांला विचारलं, हे खरं का, पट्ट्या बदलत होतास का. तो म्हणाला, होय. कशासाठी? तर गप्प. पेनरनी पुन्हा विचारलं तेव्हा म्हणाला, "तीस वर्षांनंतर मी कुणाला चोरासारखे खिसे उलटे करून दाखवणार नाही." पेनर म्हणाले, दोराशी खेळणारा माणूस माझ्याकडे नको.

जाताना त्याने चावी माझ्या हातात ठेवली. आणि काय म्हणाला, ते मला रात्रभर छळतंय. "दोर उबेला नेत जाऊ नकोस, पोरा. आता तुझ्यामागे बघायला कुणी नाही." ही धमकीच ना? दुसरा काय अर्थ होतो?

पारा उणे बत्तीसवर आहे, त्यामुळे रविवारपर्यंत काम बंद. सोमवारी उत्तरेची बाजू घेतो. मुकादमी मला मिळाली. जोडीदार मिळेपर्यंत एकट्यानेच करायचं आहे. तू खूश असशील.

हेल्गी

*

गिमली,
१८ फेब्रुवारी, सोमवार, दुपार

हेल्गी,

हे पत्र तुझ्या हाती पडेल तेव्हा तुला सगळं कळलेलं असेल. तरी लिहिते, कारण रूनाच्या तोंडून ऐकणं वेगळं आणि माझ्या हातचं वाचणं वेगळं.

तुझं पत्र आज सकाळी आठलाच आलं. त्या माणसाचं शेवटचं वाक्य वाचलं आणि मी उभीच राहिले. उबेला नेऊ नकोस. ते त्याला कसं ठाऊक?

मी जानेवारीच्या अखेरीला रूनाला पत्र लिहिलं होतं. तू लिहिलं होतंस ना, दोर इतके गार की बोटं झोंबतात. मला झोप लागेना. मी तिला लिहिलं, तुझ्याकडे सगळ्या दारांच्या चाव्या असतात, तेव्हा माझ्या पोराचा निळ्या पट्टीचा दोर रोज संध्याकाळी खाली आण, बॉयलरवर टांग आणि सहाच्या आत परत नेऊन ठेव. त्याला सांगू नकोस, त्याला आत्याची लाज वाटेल. ती बिचारी अठ्ठावन्न वर्षांची, गुडघे दुखतात तिचे, रोज शेवटचा जिना चढून तिने हे केलं. फक्त तुझा दोर, त्या परक्या माणसाचा नाही. असं मीच लिहिलं होतं.

आमची जाळी ओली असतात, हेल्गी. ओली येतात, शेगडीवर मऊ होतात आणि थेट पाण्यात जातात. कोरडा गार दोर त्या वाफेच्या खोलीत नेला की त्याला घाम फुटतो, आणि बाहेर आणला की तोच घाम गोठतो. चष्मा घालून गारठ्यातून घरात आलं की काचेवर काय होतं, हे मी रोज बघते. पन्नास वर्षं बर्फावर काढली आणि एवढं मला सुचलं नाही. पाणी कुणी ओतलं, असं विचारत बसले. मीच ओतत होते.

दुकानापर्यंत धावत गेले आणि रूनाला फोन लावला. तुला नाही लावला. तुला सांगायचं तोंड नव्हतं. दोर गोठतो, त्याला थांबव, असं तिला सांगितलं. ती म्हणाली, तो आत्ताच वर गेला. मग तिने फोन खाली ठेवलासुद्धा नाही, नुसता सोडून दिला. मला इकडे तिच्या सपाता जिन्यावर वाजताना ऐकू येत होत्या. मग काहीच नाही. मी फोन कानाशी धरून उभी होते. दुकानदार म्हणाला, बाई, बसा. किती वेळ गेला माहीत नाही. मग तिने पुन्हा फोन उचलला आणि धापा टाकत म्हणाली, "कठड्यावर बसला होता. पाय बाहेर होते. आत आहे आता."

मी रस्त्यावर आले आणि तिथेच बसले.

तू मला काहीही म्हण. पण आधी त्या माणसाकडे जा.

थोरा

*

विनिपेग,
२४ फेब्रुवारी

आत्या,

सहा दिवस लिहिलं नाही, कारण लिहायला बसलो की फक्त रागच येत होता. तुझा जितका, त्याहून जास्त माझा स्वतःचा. तू दुरून संशय घेतलास. मी तर रोज त्यांच्याबरोबर डबा खात होतो.

रूना छतावर आली तेव्हा तिला बोलताच येईना. ती माझा कोट धरून मागे ओढत राहिली. मी त्या दिवशी पकडीला झटका दिला नव्हता. मुकादम झालो ना. काय चाललंय म्हणून विचारायला आत आलो आणि तिने सगळं सांगितल्यावर दोर हातात घेतला. वरपासून खालपर्यंत बर्फ.

मग मी तो दोर पत्र्याच्या खोलीत नेला आणि टोकाची निळी पट्टी सोलायला घेतली. गारठ्यात ती सुटत नाही, नख तुटतं. म्हणूनच त्यांनी जुनी कधी काढली नसावी, वरूनच नवी गुंडाळली. निळीखाली लाल निघाली. लालखाली निळी. पुन्हा लाल. मी सोलत गेलो. मूळची पट्टी सोडून सात. आणि सगळ्यांत खालची लाल होती, आत्या. ज्या दोराला मी माझा म्हणत होतो, जो मी त्यांच्या हातून हिसकावला, तो मुळात त्यांचा होता.

सात सकाळी. रोज ते माझ्याआधी यायचे, निळा दोर गोठलेला बघायचे, त्याला स्वतःचा लाल करायचे आणि कोरडा मला द्यायचे. आणि त्या बर्फाच्या दोरावर ते स्वतः उतरायचे, दर दोन हातांवर काठीने बडवत. मी वरून बघायचो आणि मनात म्हणायचो, मनात खोट आहे.

त्याच दिवशी नदीपलीकडे गेलो. त्यांच्या बायकोने दार उघडलं आणि माझ्याकडे बघून ती बाजूला झाली. ते स्वयंपाकघरात बसले होते, टेबलावर तू विणलेले हातमोजे होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, तुझ्यासकट. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मला वाटलं रूनाच्या चावीने तू दोर रात्री खाली उबेला नेतोस. नवी पोरं नेतात. विचारलं, तर खोटं बोललास असं वाटलं. पेनरला कळलं असतं तर तुला त्याच दिवशी घालवलं असतं."

मी विचारलं, मग मला दम का नाही दिलात? नुसतं एकदा ओरडला असतात तरी चाललं असतं.

ते म्हणाले, दिला असता. पण तू मला तुझी गाठ ओढू देईनास.

म्हणजे संशय त्यांनीही घेतलाच होता, माझ्या खोटेपणाचा. फरक एवढाच, की तो घेऊन ते माझ्या जागी खाली उतरले आणि मी पेनरकडे गेलो.

पेनरना मी सगळं सांगितलंय आणि मुकादमी आणि खोलीची चावीही परत दिलीय. रूनाचं नाव कुठेही घेतलेलं नाही. पेनर स्वतः आर्मांकडे जाऊन आले. आर्मां म्हणाले, विचार करतो.  त्या दिवशी त्यांच्या घरून निघताना मी हात पुढे केला, तेव्हा त्यांचे दोन्ही हात टेबलावरच राहिले.

हेल्गी

*

गिमली,
२ मार्च

हेल्गी,

तू रागावून का होईना, लिहिलंस, एवढं मला पुरे आहे.

रूनाला मी पत्र लिहिलं. तिने उलट मलाच लिहिलंय की आता ती कुणासाठी काही गुपचूप करणार नाही, नाताळची मिठाई लपवणंसुद्धा नाही.

आर्मांच्या घरी केक पाठवलाय. पत्ता तुझ्या घरमालकिणीने शोधून दिला. बरोबर चिठ्ठी लिहायला बसले आणि चार कागद फाडले. शेवटी एवढंच लिहिलं: "तुमच्यावर मी न बघता संशय घेतला. माझा पोरगा तुमच्यामुळे जिवंत आहे. थोरा." खाली हातमोज्यांचं माप विचारलं. दुसरं मला काही येत नाही.

आता एक गोष्ट तुला सांगते, हसू नकोस. काल मी स्काप्तीच्या दारात गेले. चार दारं चालायला मला बावीस वर्षं लागली. त्या दिवशी बर्फावर काय झालं हे मला अजूनही माहीत नाही आणि आता कळणारही नाही. पण एवढं कळलं की मला ते कधीच माहीत नव्हतं, आणि तरी मी त्याला शिक्षा देऊन मोकळी झाले होते. त्याने दार उघडलं. म्हातारा झालाय फार. मी हळू आवाजात म्हणाले, स्काप्ती, माझं चुकलं असेल. तो म्हणाला, काय? मी पुन्हा म्हणाले. तो कानामागे हात धरून म्हणाला, मोठ्याने बोल, दोन वर्षांपासून ऐकू येत नाही.

तेव्हा मी ओरडून माफी मागितली, हेल्गी. समोरच्या घराचे पडदे हलले. पोस्टातली बाई रस्त्यात थांबली. त्याने ऐकलं, खाली बघत उभा राहिला, आणि मग म्हणाला, आत ये, दारातून गारवा येतोय. मी गेले. कॉफी पाणचट होती. आम्ही तुझ्या बापाबद्दल एक शब्द बोललो नाही. दोघं नुसती रडलो.

तुझी आत्या

*

विनिपेग,
१० मार्च

प्रिय आत्या,

शुक्रवारी आर्मां कामावर आले.

मला कुणी सांगितलं नव्हतं. आठला छतावर गेलो तर ते खोलीत होते, दोन्ही दोर उलगडून बोटांनी तपासत होते. दोन्ही कोरडे. दोन्हींवरच्या सगळ्या पट्ट्या त्यांनी चाकूने कापून काढल्या होत्या, खाली रंगीत कचरा पडला होता. नवी पट्टी कुठल्याच दोराला लावलेली नव्हती. मी विचारलं, माझा कुठला? ते म्हणाले, कुठलाही घे. तेवढंच.

उणे सहा होतं, वारा नव्हता. मी बांधलं, पट्टा घातला, पकडीला झटका दिला. ती रुतली. कठड्यावर बसलो. आणि मग मी पाय बाहेर टाकले नाहीत. तसाच बसून राहिलो, त्यांच्याकडे पाठ करून. मागायची हिंमत होत नव्हती आणि त्यांच्याशिवाय उतरायचीही नव्हती.

बर्फावर पावलं वाजली. त्यांनी माझी गाठ धरली आणि इतक्या जोरात ओढली की मी कठड्यावर हललो. मग दुसरी, तशीच. हातात तुझे राखाडी मोजे होते.

"बघितलं," ते म्हणाले.

मग ते आपल्या दोराशी गेले, बांधलं आणि उभे राहिले. उतरले नाहीत. बघतच राहिले समोर, नदीकडे. मला कळायला वेळ लागला, की ते थांबलेत. मी उठलो, त्यांच्यामागे गेलो आणि त्यांची गाठ ओढली. माझा आवाज फुटेना, आत्या. पण नुसती मान हलवून चालत नाही.

हेल्गी